रायफलीच्या नळीतील अदृश्य मीठ

पाणी हे लोखंडाचे वैरी होय, ही गोष्ट शेतकऱ्याला किंवा लोहाराला सांगावी लागत नाही. पावसाळा तोंडावर आला म्हणजे विळे-कोयते पुसून, त्यांवर तेलाचा हात फिरवून ते कोरड्या जागी ठेवले जातात. असे असता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश व हिंदी पलटणींतील शिपाई गोळीबाराच्या मैदानावरून परतला म्हणजे आपल्या रायफलीच्या पोलादी नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतीत असे. तेल त्यानंतर लावावयाचे. एखादा नवखा शिपाई पाण्याला भिऊन नुसतेच तेल लावून मोकळा झाला, तर थोड्याच दिवसांत त्याच्या रायफलीची नळी आतून तांबूस झालेली आढळे.

लोखंडाला पाण्यापासून जपावे हा सर्वसामान्य नियम आणि नळी पाण्याने धुवावी हा शिपायाचा नियम, हे परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः दोन्ही खरे आहेत. त्यांची संगती लावण्यासाठी काडतुसाच्या बुडाशी असलेल्या एका लहानशा टोपीत काय भरलेले असते आणि ते जळाल्यावर मागे काय उरते, हे पाहावे लागते.

टोपीतील क्षार

रायफलीच्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी कोश, त्यातील दारू, पुढच्या टोकाला बसविलेली गोळी आणि बुडाच्या मध्यभागी घट्ट बसविलेली टोपी. चाप ओढला की बोल्टमधील टाचणी टोपीवर आदळते. त्या आघाताने टोपीतील मिश्रण पेट घेते, त्याची ज्वाला कोशात शिरते आणि मुख्य दारू पेटते.

आघाताने पेटणारे हे मिश्रण अनेक दशके पोटॅशियम क्लोरेट या द्रव्यावर आधारलेले होते. त्याच्या जोडीला मर्क्युरी फल्मिनेटसारखे अतिसंवेदनशील स्फोटक आणि अँटिमनी सल्फाइडसारखे इंधन असे. अमेरिकन सैन्याने दीर्घकाळ वापरलेल्या एका टोपीमिश्रणात फल्मिनेट नव्हते. परंतु पोटॅशियम क्लोरेटचे प्रमाण त्यातही शेकडा ५३ होते. क्लोरेटचे काम ऑक्सिजन पुरविण्याचे. तापताच ते विघटित होते, त्यातील ऑक्सिजन इंधनाला मिळतो आणि पोटॅशियम क्लोराइड मागे राहते.

पोटॅशियम क्लोराइड म्हणजे स्वयंपाकघरातील मिठाचे सख्खे भावंडच. मिठात सोडियम असतो, त्याच्या जागी येथे पोटॅशियम असतो, एवढाच भेद. टोपीत ३० मिलिग्रॅम मिश्रण आहे आणि त्यातील निम्मे क्लोरेट आहे असे धरले, तर एका बारामागे सुमारे ९ मिलिग्रॅम क्षार तयार होतो. यापैकी बराचसा भाग तप्त वायूंबरोबर नळीबाहेर फेकला जातो. उरलेला बारीक धुळीच्या रूपाने नळीच्या आतील सर्पिल खाचांत, काडतूस बसते त्या जागेत आणि बोल्टच्या तोंडावर चिकटून राहतो. दहा-वीस बार झाले म्हणजे नळीच्या आतल्या अंगाला जणू मिठाचा पातळ हात दिलेला असतो. हा थर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

क्षार स्वतः पोलाद खात नाही. तो हवेतील ओलावा खेचून घेतो, हे त्याचे खरे उपद्रवमूल्य होय. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ८४ च्या आसपास पोहोचली की पोटॅशियम क्लोराइड पाणी शोषून आपोआप विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, तसाच हा प्रकार. नळीच्या पृष्ठभागावर खारट पाण्याचे सूक्ष्म थेंब तयार होतात. त्यांत ऑक्सिजन विरघळतो, क्लोराइडचे आयन पोलादावरील संरक्षक पापुद्रा भेदतात आणि गंजाची विद्युत्-रासायनिक क्रिया वेगाने सुरू होते. म्हणूनच जैसलमेरच्या कोरड्या हवेत न धुतलेली रायफल काही दिवस निर्धोक राहिल्यासारखी वाटते, तर कोकणातील किंवा हुगळीकाठच्या आषाढात एका रात्रीतच तिच्यावर तांबूस छटा येऊ शकते.

काळ्या दारूचा धडा

बंदूक पाण्याने धुण्याची चाल टोपीपेक्षाही जुनी आहे. पूर्वीची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची होई. त्यांचे प्रमाण साधारणपणे ७५, १५ आणि १० असे. बिहारमधून निघणारा सोरा अठराव्या शतकात युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून दूरवर जात असे. बंगालमध्ये हुगळीच्या काठी ईशापूर येथील दारूच्या कारखान्यात १७९१ पासून उत्पादन होऊ लागले. पुढे त्याच जागी १९०४ मध्ये रायफलींचा कारखाना उभा राहिला.

काळी दारू जळाली म्हणजे तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे राहतो. त्यात मुख्यतः पोटॅशियमची कार्बोनेट, सल्फेट यांसारखी लवणे असतात. काही बार झाले की नळी काजळीने भरून येई आणि पुढची गोळी आत सरकवणे जड जाई. ही घाण पाण्यात सहज विरघळते. त्यामुळे बंदूक धुणे ही त्या काळी अगदी स्वाभाविक गोष्ट होती. त्यासाठी रसायनशास्त्राच्या ज्ञानाची गरज नव्हती.

१८०७ मध्ये स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या द्रव्यांचा बंदुकीत उपयोग करण्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे टोपीचा प्रसार झाला. टोपीतील क्लोरेटचा क्षार तेव्हापासूनच नळीत पडू लागला होता. परंतु काळ्या दारूच्या राशीभर घाणीत तो बेमालूम मिसळून जाई आणि त्या घाणीबरोबरच धुतला जाई. रोगाची बाधा होती आणि औषधही नित्य पोटात जात होते. त्यामुळे रोग कोणाच्या लक्षात आला नाही.

निर्धूम दारू आणि चुकीचे निदान

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी निर्धूम दारू तयार केली. १८८९ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट सिद्ध केले. भारतात ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने घराघरांत ठाऊक झालेल्या रायफलीची काडतुसे प्रथम काळ्या दारूची होती; ती लवकरच कॉर्डाइटची झाली. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातही पुढे या जातीची काडतुसे तयार होत.

नव्या दारूने युद्धाचे रूप पालटले. धुराचा लोट नाहीसा झाला, गोळीचा वेग वाढला आणि बार झाल्यावर नळी जवळजवळ स्वच्छ दिसू लागली. धुण्यासारखे काही उरलेच नाही, असा समज होणे साहजिक होते. तेलाचे फडके एकदा फिरविले की काम झाले, असे अनेकांना वाटू लागले. आणि नेमक्या याच काळात नळ्या पूर्वीपेक्षा लवकर गंजू लागल्या. टोपीतील क्षार पूर्वीइतकाच पडत होता. मात्र त्याला धुऊन नेणारे पाणी आता हद्दपार झाले होते.

दोष मात्र नव्या दारूच्या माथी मारण्यात आला. ही दारू नत्राम्लाच्या साहाय्याने बनते, तेव्हा ती जळाल्यावर आम्ल उरत असावे आणि तेच पोलाद खात असावे, असा तर्क सर्वत्र रूढ झाला. आम्लावर उतारा म्हणून अल्कधर्मी तेले बाजारात आली. आज पुसून लख्ख केलेली नळी उद्या पुन्हा तांबूस का होते, याचेही स्पष्टीकरण शोधण्यात आले. तप्त पोलादाच्या छिद्रांत वायू शिरतात आणि नंतर हळूहळू बाहेर पडतात, म्हणजे नळी ‘घाम गाळते’, असे म्हटले जाई.

दुसरा एक तर्क गोळीच्या निकेलयुक्त आवरणासंबंधी होता. या धातूचे कण नळीत चिकटत आणि त्यांखाली गंजकारक घाण दडून राहते, असे मानले जाई. तो धातू काढण्यासाठी अमोनियाचे तीव्र द्रावण नळीत भरून ठेवीत. त्यानंतर नळी गंजत नसे, म्हणून हा उपाय अचूक ठरला. परंतु त्या द्रावणाचा मोठा भाग पाण्याचाच होता आणि क्षार त्या पाण्यानेच धुतला जात होता. श्रेय मात्र अमोनियाला मिळाले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हे कोडे उलगडले. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्स या सरकारी संस्थेतील रसायनज्ञ विल्बर्ट हफ यांनी तेलाच्या थराखाली लोखंड कसे गंजते याचा पद्धतशीर अभ्यास केला. गंजाचे मूळ निर्धूम दारूच्या आम्लात नसून टोपीतील क्लोरेटपासून उरणाऱ्या क्षारात आहे आणि हवेतील आर्द्रता त्याला साहाय्य करते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावरचा उपाय म्हणजे शिपायांच्या आज्यांच्या काळापासून चालत आलेले साधे पाणी.

तेल अपुरे का पडते

मीठ पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. पाण्याचा रेणू एका बाजूने किंचित धन आणि दुसऱ्या बाजूने किंचित ऋण विद्युत्भाराचा असतो. त्यामुळे तो क्षाराच्या स्फटिकातील आयनांना ओढून एकमेकांपासून अलग करू शकतो. खनिज तेलाच्या रेणूंत हे सामर्थ्य नाही. तेलाने भिजविलेले फडके नळीतून ओढले असता सुटी काजळी निघते, पोलाद चकाकते. परंतु खाचांच्या कोपऱ्यांत बसलेला क्षार जागचा हलत नाही. त्याच्यावर तेलाचा पातळ थर पसरतो, इतकेच. हा थर पूर्णतः अभेद्य नसतो. हवेतील बाष्प आणि ऑक्सिजन त्यातून सावकाश आत झिरपतात आणि क्षार आपले काम चालू ठेवतो. बाहेरून नळी तेलाने तुकतुकीत दिसत असता आत गंज पसरत राहतो.

याचा पडताळा कोणालाही घरी घेता येईल. लोखंडाच्या तीन पट्ट्या पॉलिश कागदाने घासून चकचकीत कराव्यात. पहिली तशीच ठेवावी. उरलेल्या दोन मिठाच्या पाण्यात बुडवून कोरड्या होऊ द्याव्यात. त्यांपैकी एक कढत पाण्याने नीट धुऊन, पुसून सुकवावी. मग तिन्ही पट्ट्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा सारखाच पातळ हात द्यावा आणि झाकणाच्या डब्यात, ओल्या फडक्याच्या शेजारी पण त्याला स्पर्श न होईल अशा रीतीने, आठवडाभर ठेवाव्यात. मीठ न धुता तेल लावलेली पट्टी आधी गंजते. धुतलेली पट्टी पाण्यात दोनदा भिजूनही तिच्यापेक्षा चांगली राहते.

धुण्याची रीत

सफाईला आरंभ करण्यापूर्वी रायफल रिकामी आहे, तिच्या पेटीत अगर नळीत काडतूस नाही, याची डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून खात्री करावयाची, हा पहिला आणि निरपवाद नियम होय. त्यानंतर बोल्ट काढून बाजूला ठेवतात.

धुण्याचे काम गोळीबार झाला त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर व्हावे लागते. लाकडी दस्त्यात पाणी शिरू नये अशा बेताने काडतूस बसते त्या बाजूने नरसाळे लावून दोन-तीन लिटर उकळते पाणी नळीतून वाहू देतात. एवढे पाणी विद्राव्यतेसाठी लागत नाही. साध्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळते. नळीतील क्षाराला चमचाभर पाणीही पुरावे. वाहत्या पाण्याचे काम वेगळे आहे. ते विरघळलेला क्षार खाचाखाचांतून नळीबाहेर वाहून नेते. उकळत्या पाण्याचा आणखी एक लाभ असा, की पोलाद स्वतःच इतके तापते की मागे राहिलेला ओलावा आपोआप उडून जातो. उकळते पाणी नसेल तर थंड पाणीही चालते. मात्र मग नळी सुकविण्यासाठी कोरडी फडकी अधिक वेळा ओढावी लागतात.

नळी सुकविण्याचे ब्रिटिश पद्धतीचे साधन म्हणजे ‘पुल-थ्रू’ : एका टोकाला पितळी वजन असलेली बळकट दोरी. तिच्या फाशात ४ इंच लांब व २ इंच रुंद फलानीनचा तुकडा अडकवून ती नळीतून ओढीत. दोरी आणि तेलाची लहान बाटली दस्त्याच्या मागील टोकातील पोकळीत राही. दोरी तिरपी ओढली तर नळीचे तोंड घासले जाऊन झिजते आणि नेम बिघडतो. म्हणून ती सरळ रेषेत ओढावी, असा दंडक होता.

फडके कोरडे निघू लागले म्हणजे काजळी विरघळविणाऱ्या द्रवात बुडविलेला ब्रश फिरवावा, नळी पुन्हा पुसावी आणि सर्वांत शेवटी तेलाचा पातळ थर द्यावा. बोल्टचे तोंड आणि टाचणीच्या छिद्राभोवतीचा भागही ओल्या फडक्याने पुसून, सुकवून तेलवावा, कारण टोपीच्या सर्वांत निकट तोच असतो. पुढचे दोन-तीन दिवस रोज एक पांढरे फडके नळीतून ओढून पाहावे. अमेरिकन सैन्यात गोळीबारानंतर सलग तीन दिवस सफाई करण्याचा नियम होता. त्यांच्या पुस्तिकांत साबणाचे कढत पाणी किंवा साधे कढत पाणी वापरण्यास सांगितलेले असे. पुन्हा गोळीबार करण्यापूर्वी मात्र नळीतील व काडतुसाच्या जागेतील तेल पुसून काढावे लागते. तेलकट जागेत बसलेल्या काडतुसामुळे बोल्टवर जादा ताण येतो.

वायूच्या दाबावर आपोआप भरणाऱ्या रायफलींत काम वाढते. नळीतील थोडा वायू एका छिद्रातून नळकांड्यात शिरून दट्ट्या ढकलतो, आणि त्याबरोबर क्षारही तेथे पोहोचतो. अनेक रायफलींच्या नळ्यांना आतून क्रोमियमचा मुलामा दिलेला असतो. त्याने नळीचे बऱ्याच अंशी रक्षण होते. परंतु मुलामा नसलेला दट्ट्या व नळकांडे यांचे रक्षण होत नाही. ते भाग सोडवून धुतल्याखेरीज सफाई पुरी झाली असे म्हणता येत नाही.

अमोनियायुक्त काचसफाईचे द्रव क्षार ‘मारतात’, ही समजूत आजही पुष्कळ नेमबाजांत आढळते. पोटॅशियम क्लोराइड हे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. ते उदासीन लवण आहे. त्याला मारावयाचे असे काही नसते, धुऊन टाकावयाचे असते. त्या बाटलीतील पाणीच उपयोगी पडते, आणि ते विहिरीतूनही मिळते.

टोपी बदलली, साठे उरले

कारण कळल्यावर टोपीच बदलणे हा उघड उपाय होता. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनी व अमेरिका येथील कारखान्यांनी लेड स्टिफ्नेट आणि बेरियम नायट्रेट यांसारख्या द्रव्यांवर आधारलेल्या, गंज न आणणाऱ्या टोप्या बाजारात आणण्यास आरंभ केला. त्यांतून क्लोराइड उरत नाही. या टोप्याही सर्वस्वी निरुपद्रवी नाहीत. त्यांच्या धुरात शिसे असते, म्हणून बंदिस्त नेमबाजीगृहात हवा खेळती ठेवावी लागते.

नागरी बाजाराने नव्या टोप्या लवकर स्वीकारल्या. सैन्यांनी मात्र घाई केली नाही. सैन्याचे काडतूस वीस-तीस वर्षे कोठारात पडून राहिल्यावरही पहिल्याच आघाताला पेटले पाहिजे, आणि क्लोरेटची टोपी या कसोटीला पिढ्यानुपिढ्या उतरलेली होती. गंजलेली नळी बदलता येते. ऐन वेळी न पेटलेल्या काडतुसाची किंमत शिपाई प्राणाने देतो. अमेरिकन सैन्याच्या मुख्य रायफलीच्या काडतुसांतील टोप्या १९५० च्या दशकाच्या आरंभी बदलल्या. सोव्हिएत संघ व त्याच्या मित्रराष्ट्रांत क्लोरेटच्या टोप्या त्यानंतरही कित्येक वर्षे बनत राहिल्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर मोहोरबंद पत्र्याच्या डब्यांतील असे प्रचंड साठे परदेशी बाजारांत स्वस्तात विकले गेले. डब्यावरील अथवा वेष्टनावरील खुणा वाचता येतीलच असे नसते. म्हणून जुन्या लष्करी काडतुसांविषयी शंका असेल तेथे ती गंज आणणारीच आहेत असे धरून चालणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय. निष्कारण धुतल्याने थोडा वेळ जाईल. न धुतल्याने नळी जाईल.

भारतात शस्त्रे आणि काडतुसे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याने नियंत्रित आहेत. त्यामुळे येथे हा विषय मुख्यतः सैन्य, पोलीस दले आणि संग्रहालये यांच्या जिव्हाळ्याचा राहिला. थ्री-नॉट-थ्री रायफलीने मात्र येथे दीर्घायुष्य भोगले. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. इतक्या वर्षांनंतरही ज्या नळ्यांच्या खाचा ठसठशीत राहिल्या, त्या बहुधा धुतल्या गेलेल्या नळ्या होत. संग्रहालयांतील कित्येक नळ्यांत उजेड धरून पाहिले असता बारीक खळगे दिसतात. असा खळगा एकदा पडला की तो बुजत नाही. पुढे त्यातच क्षार साठतो आणि सफाई अधिक अवघड होते.

मोहोरबंद डब्यातील काडतूस अर्धशतक टिकते. ते वापरल्यावर नळी का धुवावी हे सांगणारा माणूस मात्र तितकी वर्षे सेवेत राहत नाही. निर्धूम दारू आली तेव्हा असेच घडले होते : दिसणारी घाण गेली, तिच्याबरोबर धुण्याची चालही गेली, आणि तिचे खरे कारण शोधून काढण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली. म्हणून शस्त्रागारात सफाईचा नियम भिंतीवर लिहिताना त्याखाली त्याचे कारणही एका ओळीत लिहिलेले असावे : बार झाल्यावर नळीत मीठ उरते, आणि ते फक्त पाण्याने निघते.